एका खेळाची घटना

परप्रांतात नोकरीसाठी गेलेल्या मराठी माणसास घटना लिहिण्याची हौस फार. चार बिऱ्हाडे एका वसाहतीत आली की गणेशोत्सव होतो, गणेशोत्सव झाला की मंडळ निघते, आणि मंडळ निघाले की त्याची घटना लिहिली जाते. आम्ही ज्या गावी सध्या आहोत तेथील मंडळाच्या घटनेत दुरुस्ती सुचविण्यासाठी एक उपसमिती गेल्या वर्षी नेमण्यात आली आणि तीवर आम्हांस घेण्यात आले. कारण एवढेच की आम्ही कचेरीत टिपणे लिहितो. घटनेत 'सभासद' असा शब्द होता. त्या जागी 'सभासद-कुटुंब' असे लिहावे की काय, यावर तीन रविवार खर्ची पडले. दोन रविवार आम्हांस हा वाद निव्वळ शाब्दिक वाटला. तिसऱ्या रविवारी एका वृद्ध गृहस्थांनी शांतपणे विचारले, "म्हणजे मत माणसाचे की घराचे?" आणि मग सर्वांच्या ध्यानात आले की शब्द बदलला तर मंडळ दुसऱ्याच कोणाचे तरी होणार आहे.

त्याच दिवसांत आमच्या वाचनात एक जुनी घटना आली होती. ती राज्याची नव्हे, कोणा धर्मसंस्थेचीही नव्हे. ती होती अमेरिकेतील बेसबॉल या खेळाच्या एका संघटनेची. 'नॅशनल लीग ऑफ प्रोफेशनल बेसबॉल क्लब्ज' हे तिचे पूर्ण नाव. १८७६ साली ती पुस्तिकारूपाने छापली गेली, आणि आज तिच्या मूळ प्रती अतिशय दुर्मिळ झाल्या आहेत. अमेरिकेत असल्या कागदांना आता मोलच राहिलेले नाही, म्हणजे ते कोणाच्या आवाक्यातले राहिलेले नाही. त्या खेळाचे १८५७ साली हाताने लिहिलेले नियम, ज्यांत दोन ठाण्यांमधील अंतर ९० फूट, डाव नऊ आणि गडी नऊ असे ठरविण्यात आले, ते २०१६ साली लिलावात बत्तीस लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेले. आपल्या नाण्यात ही रक्कम वीस कोटी रुपयांच्या वर जाते. नियमांच्या कागदास एवढे मोल आले याचे आम्हांस नवल वाटत नाही. पण आमच्या मते खरा मोलाचा कागद तो नव्हे. नियमांनी खेळ कसा खेळावा ते सांगितले. खेळ कोणाचा, ते १८७६ च्या घटनेने सांगितले.

बेसबॉल म्हणजे काय हे क्रिकेट जाणणाऱ्या वाचकांस चार वाक्यांत कळण्यासारखे आहे. यष्ट्या नाहीत, चौकोनाच्या चार कोनांवर चार ठाणी आहेत. चेंडू टाकणारा, ज्यास पिचर म्हणतात, तो चेंडू टाकतो, फलंदाज तो टोलवून पहिल्या ठाण्याकडे धावतो, आणि चारही ठाणी फिरून परत आला की एक धाव होते. तीन गडी बाद झाले की डाव पालटतो. दोन-तीन तासांत सामना निकालात निघतो, ही या खेळाची मोठी सोय. गिरण्यांच्या आणि कचेऱ्यांच्या शहरांत एवढीच सवड माणसास असते.

आरंभी हा खेळ हौशी लोकांचा होता. १८५७ साली निघालेल्या त्यांच्या संघटनेत पैसे घेऊन खेळणे निषिद्ध असे. अर्थात पैसे टेबलाखालून दिले जातच असत. १८६९ साली सिनसिनाटी शहराच्या संघाने हा पडदा फाडून टाकला आणि सर्व गडी उघडपणे पगारावर ठेवले. संघाचा नायक हॅरी राइट. हा मूळचा इंग्लंडातील शेफील्डचा आणि धंदेवाईक क्रिकेटपटूचा मुलगा. त्याचा धाकटा भाऊ जॉर्ज यास सर्वांत अधिक, म्हणजे हंगामाचे १४०० डॉलर मिळत. या संघाने देशभर हिंडून वर्षभर एकही सामना गमावला नाही. १८७० च्या जूनमध्ये ब्रुकलिनच्या अ‍ॅटलांटिक संघाने अकरा डाव खेळून त्यांस ८ विरुद्ध ७ असे हरविले, तेव्हा कोठे हा अश्वमेध थांबला.

मग धंदेवाईक खेळाडूंची निराळी संघटना निघाली. १७ मार्च १८७१ रोजी न्यूयॉर्क येथे ती स्थापन झाली. ती सभा भरविण्यात पुढाकार घेतला तो वॉशिंग्टनच्या ऑलिंपिक क्लबाचे निकोलस यंग या गृहस्थांनी. हे यंग साहेब कोण, तर मध्यवर्ती सरकारच्या अर्थखात्यात नोकरी करणारे कारकून! यादवी युद्धात सैनिक म्हणून लढले, नंतर राजधानीत चिकटले आणि दिवसा हिशेब पाहून संध्याकाळी खेळात रमले. आमच्या पेशाचा हा मनुष्य या कथेत पुन्हा येणार आहे, म्हणून वाचकांनी त्याचे नाव ध्यानात ठेवावे. अन्य इतिहासकार ते सहसा ठेवीत नाहीत.

या पहिल्या संघटनेच्या नावात शेवटचा शब्द होता 'प्लेअर्स', म्हणजे खेळाडू. व्यावसायिक खेळाडूंची राष्ट्रीय संघटना. वर्गणी क्लबामागे फक्त दहा डॉलर. ज्यास यावे असे वाटेल त्याने यावे, दहा डॉलर भरावे आणि अजिंक्यपदासाठी खेळावे. सामन्यांचे वेळापत्रक नाही. क्लबांनी पत्रव्यवहार करून आपापसांत ठरवावे. त्यामुळे शिकागोसारख्या मोठ्या शहराच्या रांगेत आयोवा प्रांतातील केओकक हे लहानसे गावही येऊन बसले. १८७५ साली केओककचा संघ तेरा सामने खेळला, त्यांतला एक जिंकला, आणि खेळ आटोपून घरी गेला. दूरच्या प्रवासाचा खर्च निघत नसे, म्हणून पूर्वेकडचे संघ पश्चिमेकडे जाण्याचे टाळीत. हॅरी राइट आता बोस्टनला होता आणि त्याचा संघ ओळीने चार वर्षे अजिंक्य ठरला. १८७५ साली त्याने ७१ सामने जिंकले व अवघे ८ गमावले. एकच जण सदैव जिंकतो म्हटल्यावर बाकीच्या गावांतील प्रेक्षक पैसे देऊन पराभव पाहण्यास कशाला येतील? शिवाय मैदानाच्या कडेला पैजा उघडपणे लागत, आणि अमुक खेळाडू मुद्दाम हरला अशी कुजबुज दर आठवड्यास उठे. तरीही या संघटनेबद्दल एक गोष्ट म्हटली पाहिजे. तीत खेळाडू मोकळा होता. हंगाम संपला की करार संपला. पुढच्या वर्षी ज्याच्याकडे मन मानेल त्याच्याकडे त्याने जावे.

येथे विल्यम हल्बर्ट यांचा प्रवेश होतो. जन्म १८३२ चा, न्यूयॉर्क प्रांतातला. पण वाढले आणि पैसा मिळविला तो शिकागोत, कोळशाच्या व्यापारात. १८७१ च्या ऑक्टोबरातील प्रचंड आगीत शिकागो जळाले, त्यात क्लबाचे मैदानही गेले आणि पुढची दोन वर्षे त्यांचा संघ स्पर्धेत उतरू शकला नाही. क्लब पुन्हा उभा राहिल्यावर १८७५ साली हल्बर्ट त्याचे अध्यक्ष झाले. तत्पूर्वीच एक प्रकरण त्यांच्या मनास लागले होते. डेव्ही फोर्स नावाच्या खेळाडूने १८७५ च्या हंगामासाठी प्रथम शिकागोशी करार केला आणि मग फिलाडेल्फियाच्या अ‍ॅथलेटिक क्लबाशीही केला. संघटनेच्या न्यायमंडळाने निकाल आधी शिकागोच्या बाजूने दिला. पुढे नव्या वर्षी संघटनेचे अध्यक्षपद फिलाडेल्फियाच्या गृहस्थाकडे गेले, आणि तोच निकाल फिरविण्यात येऊन खेळाडू फिलाडेल्फियास मिळाला. कचेरीत ज्यांनी फायलींचे नशीब अधिकाऱ्यांच्या बदलीबरोबर पालटताना पाहिले आहे, त्यांस हल्बर्टांचा संताप निराळा समजावून सांगावयास नको.

पण या संतापाचे त्यांनी जे केले, ते अजब होते. संघटनेचा नियम होता की हंगाम चालू असता दुसऱ्या क्लबाशी करार करणाऱ्या खेळाडूची हकालपट्टी व्हावी. हल्बर्टांनी त्याच हंगामात, गुपचूप, बोस्टनचे चार उत्तम गडी पुढील वर्षासाठी शिकागोकडे वळविले. त्यांत मुख्य होता पिचर अ‍ॅल्बर्ट स्पाल्डिंग; बाकीचे तिघे बार्न्स, मॅकव्हे आणि व्हाइट. शिवाय फिलाडेल्फियाचा अ‍ॅन्सन. बातमी उन्हाळ्यातच फुटली. आता हे खेळाडू बहिष्कृत होणार, म्हणजे संघटना आपल्यावर उलटणार, हे हल्बर्टांस दिसत होते. तेव्हा त्यांनी ठरविले की संघटनाच मोडावी आणि नवी काढावी. करार मोडला गेला म्हणून जो माणूस रागावला, त्याने स्वतः नियम मोडला. आणि नियम मोडल्याची शिक्षा चुकविण्यासाठी करारांच्या पावित्र्यावर आधारलेली नवी घटना लिहविली! इतिहासात अशा गोष्टी घडतात. त्यामुळे घटना वाईट ठरत नाही. पण तिच्या उगमाशी काय होते ते विसरूही नये.

घटनेचा मसुदा तयार केला तो सेंट लुईसचे वकील कँपबेल ऑरविक बिशप यांनी. त्या हिवाळ्यात हल्बर्टांनी पश्चिमेकडील शिकागो, सेंट लुईस, सिनसिनाटी व लुईव्हिल या चार क्लबांस लुईव्हिल येथे एकत्र करून त्यांची संमती मिळविली. मग त्या चौघांचे मुखत्यारपत्र खिशात घालून हल्बर्ट आणि सेंट लुईसचे चार्ल्स फाउल न्यूयॉर्कला गेले. २ फेब्रुवारी १८७६ रोजी ब्रॉडवेवरील ग्रँड सेंट्रल हॉटेलात पूर्वेकडच्या चार क्लबांच्या प्रतिनिधींस बोलाविण्यात आले होते. बोस्टन, हार्टफर्ड, न्यूयॉर्कचा म्युच्युअल आणि फिलाडेल्फियाचा अ‍ॅथलेटिक असे ते चार क्लब. स्पाल्डिंगने १९११ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे की सर्व मंडळी आल्यावर हल्बर्टांनी खोलीचे दार आतून बंद करून कुलूप लावले, किल्ली खिशात टाकली, आणि म्हणाले की काम पुरे होईपर्यंत कोणी बाहेर जाणार नाही. गोष्ट नाट्यमय आहे आणि म्हणूनच ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आम्हांस ती फारशी पटत नाही. सभेत जो मनुष्य लिहून तयार झालेला मसुदा घेऊन येतो, त्यास किल्लीची गरज पडत नाही. बाकीच्यांपाशी बोलणे असते, त्याच्यापाशी कागद असतो. आमच्या मंडळात आम्ही हेच पाहिले आहे.

त्या कागदात काय होते? पहिल्याच कलमात नाव. 'खेळाडूंची संघटना' गेली आणि 'क्लबांची लीग' आली. पुढे उद्दिष्टे: खेळास उत्तेजन देऊन त्याची पातळी उंचाविणे, योग्य नियम करून ते अंमलात आणणे, बेसबॉल खेळण्याच्या धंद्यास प्रतिष्ठा व अब्रू मिळवून देणे, क्लब आणि खेळाडू या दोघांच्याही हिताचे रक्षण करणे, आणि अजिंक्यपदाची व्यवस्था लावणे. चौथ्या उद्दिष्टात खेळाडूचे नाव आहे, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. पण तो दुसऱ्या क्रमांकावर आहे. वर्गणी दहा डॉलरांची शंभर झाली. ज्या शहराची वस्ती ७५,००० हून कमी, त्यास सर्वांच्या संमतीखेरीज प्रवेश नाही. एका शहरात एकच क्लब, आणि त्याच्या पाच मैलांच्या टापूत दुसऱ्याने पाय ठेवावयाचा नाही. नवा क्लब घ्यावयाचा तर गुप्त मतदान, आणि विरोधाची दोन मते पडली तरी तो बाहेर. मैदानावर पैजांस बंदी. प्रत्येक क्लबाने प्रत्येक क्लबाशी दहा सामने खेळलेच पाहिजेत. करार लेखी हवा. त्याची खबर चिटणिसाकडे जावी आणि चिटणिसाने ती सर्व क्लबांस कळवावी. ज्या खेळाडूस एका क्लबाने करारभंगासाठी वा गैरवर्तनासाठी काढून टाकले, त्यास दुसऱ्या कोणत्याही क्लबाने ठेवू नये.

लोकसंख्येचा आकडा वाचून आम्हांस थोडे हसू आले. हार्टफर्ड शहराची वस्ती १८७० च्या शिरगणतीत सुमारे ३७,००० होती; पण हार्टफर्ड आधीच आत बसलेले होते, आणि आत बसलेल्यांस दाराची उंची लागू नसते. पुढे जागा रिकाम्या पडल्या तेव्हा ट्रॉय आणि वुस्टर ही शहरेही लीगमध्ये आली. त्यांचीही वस्ती ७५,००० ला पोहोचलेली नव्हती.

पदाधिकारी निवडताना पाच संचालकांची नावे चिठ्ठ्या टाकून काढण्यात आली, आणि त्यांतून हार्टफर्डचे मॉर्गन बल्कली हे पहिले अध्यक्ष झाले. चिटणीस म्हणून नेमण्यात आले आमचे अर्थखात्यातील निकोलस यंग. पहिल्या संघटनेच्या जन्मास जो मनुष्य कारण झाला, तोच तिच्या मृत्यूनंतर नव्या संस्थेच्या दप्तरावर बसला. क्लब बदलले, अध्यक्ष बदलले. करार, पत्रे आणि इतिवृत्ते मात्र त्याच्याच हाती राहिली. पुढे १८८५ पासून १९०२ पर्यंत तेच लीगचे अध्यक्षही होते. त्यांच्यावर टीका करणारे म्हणत की ते क्लबमालकांच्या मर्जीबाहेर कधी गेले नाहीत. असेल. चिटणिसाकडून बंडाची अपेक्षा करणाऱ्यांनी चिटणिसाचे काम कधी केलेले नसते.

पत्रकारांत सर्वांत वडील असे हेन्री चॅडविक यांनी या सभेवर कोरडे ओढले. एवढी मोठी गोष्ट बंद दाराआड, खेळाडूंस वा जनतेस न विचारता करावयाची काय गरज होती, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त होता; त्याचे उत्तर कोणी दिले नाही. २२ एप्रिल १८७६ रोजी फिलाडेल्फियात लीगचा पहिला सामना झाला आणि बोस्टनने अ‍ॅथलेटिकला ६ विरुद्ध ५ असे हरविले. वर्षअखेर अजिंक्यपदाचे निशाण शिकागोने नेले. ज्या खेळाडूंसाठी हा सारा खटाटोप झाला, त्यांनीच ते जिंकून दिले.

घटनेची खरी परीक्षा मात्र त्याच शरद ऋतूत झाली. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया यांच्या क्लबांस तोटा आला आणि पश्चिमेकडील ठरलेला दौरा करण्यास त्यांनी नकार दिला. जुन्या संघटनेत असे नेहमी होई आणि कोणी काही म्हणत नसे. देशातील सर्वांत मोठी दोन शहरे ती. त्यांच्यावाचून स्पर्धा कसली? त्यांचीही समजूत हीच होती. डिसेंबरात सभा भरली, हल्बर्ट अध्यक्ष झाले, आणि दोन्ही क्लबांस काढून टाकण्यात आले. पुढे १८८३ पर्यंत न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया यांस लीगमध्ये स्थान नव्हते. आमच्या मते त्या दिवशी ती घटना कागदावरून उठून उभी राहिली. नियम लहानांस लावणे कोणासही जमते. केओककला काढणारे पुष्कळ सापडतील. न्यूयॉर्कला काढणारा एखादाच.

दुसरी परीक्षा पुढल्याच वर्षी आली, आणि तिच्याविषयी लिहिताना आमची लेखणी इतक्या सहज चालत नाही. १८७७ च्या उन्हाळ्यात लुईव्हिलचा संघ आघाडीवर होता. अकस्मात तो हरू लागला, सोपे झेल सुटू लागले. क्लबाच्या चालकांनी खेळाडूंस सांगितले की तुमच्या नावे आलेल्या तारा उघडून पाहण्यास आम्हांस लेखी परवानगी द्या. तारांत 'सॅश' असा एक सांकेतिक शब्द वारंवार आढळला; तो आला म्हणजे तो सामना हरावयाचा, अशी जुगाऱ्यांशी खूण होती. जिम डेव्हलिन, जॉर्ज हॉल, अल निकल्स आणि बिल क्रेव्हर या चौघांस जन्मभर खेळातून बहिष्कृत करण्यात आले. पहिल्या तिघांचा दोष उघड होता. क्रेव्हरविरुद्ध मात्र पुरावा असा सापडला नाही. त्याने आपल्या तारा उघडू देण्यास नकार दिला, एवढाच त्याचा गुन्हा. संशय आणि अवज्ञा यांची बेरीज करून शिक्षा काढण्याची ही रीत कोणाही नोकरदारास विचार करावयास लावील.

डेव्हलिन हा त्या वर्षी लुईव्हिलच्या प्रत्येक सामन्यात, प्रत्येक डावात चेंडू टाकणारा पिचर होता. त्यास दुसरा धंदा येत नव्हता. त्याने हॅरी राइटला पत्रे लिहिली, काम मागितले. खेळावयाचे नसेल तर मैदानाची देखभाल करण्याचे काम तरी द्या, असे विनविले. अशुद्ध लिहिणाऱ्या माणसाची ती पत्रे वाचताना मन कळवळते. स्पाल्डिंग सांगतो की डेव्हलिन फाटक्या वेषात हल्बर्टांच्या कचेरीत आला आणि गुडघे टेकून क्षमा मागू लागला. हल्बर्टांच्या डोळ्यांत पाणी आले, त्यांनी खिशातून पन्नास डॉलरांची नोट काढून त्याच्या हाती ठेवली, आणि सांगितले की जन्मात तुला पुन्हा खेळता येणार नाही. किल्लीच्या गोष्टीप्रमाणे ही गोष्टही स्पाल्डिंगचीच. पण ही आम्हांस खरी वाटते, कारण तीत कोणीही मोठा दिसत नाही. डेव्हलिन पुढे फिलाडेल्फियात पोलिस शिपाई झाला आणि १८८३ साली क्षयाने वारला. लुईव्हिलच्या संघातील वेतने थकलेली असत, हेही त्याच प्रकरणात बाहेर आले होते. वेतन थकविणाऱ्या क्लबास कोणी जन्मभर बहिष्कृत केल्याचे आम्ही वाचलेले नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी त्या घटनेविषयी आमचे मत एकंदरीत अनुकूलच राहिले असते. पण १८७९ च्या सप्टेंबरात बफेलो येथे मालकांनी आणखी एक ठराव केला, तोही गुपचूप. प्रत्येक क्लबाने आपले पाच खेळाडू 'राखून' ठेवावे, आणि त्या पाचांशी दुसऱ्या कोणत्याही क्लबाने करार करू नये. हंगाम संपला, करार संपला, तरी खेळाडू त्याच क्लबाचा. आरंभी काही खेळाडूंस पाचांत नाव येणे हा मानच वाटला! पाचाचे अकरा झाले, अकरांचे चौदा, आणि पुढे सगळेच. हे कलम १८७६ च्या कागदावर नव्हते; परंतु ज्या दिवशी नावातून 'खेळाडू' गेला, त्या दिवशीच त्याची जागा तयार झाली होती. हल्बर्टांनी बोस्टनचे चार गडी ज्या वाटेने नेले, ती वाटच आता बंद झाली.

खेळाडूंनी हे निमूटपणे सोसले असे नाही. जॉन माँटगोमेरी वॉर्ड हा खेळाडू कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतलेला. त्याने १८८५ साली खेळाडूंचा संघ काढला, आणि दोन वर्षांनी एका मासिकात लेख लिहून विचारले की बेसबॉलचा खेळाडू म्हणजे जंगम मालमत्ता आहे काय? १८९० साली त्यांनी स्वतःची लीग उभारली. तिच्या नावात 'प्लेअर्स' हा शब्द परत आला. बहुतेक नामांकित खेळाडू तीत गेले, प्रेक्षकही गेले. पैसा पुरविणारे भागीदार मात्र एका हंगामात घाबरले, आणि जुन्या लीगच्या वतीने स्पाल्डिंगने, जो स्वतः एके काळी रातोरात क्लब बदलणारा खेळाडू होता, त्यांस एकेक करून गुंडाळले. वर्षअखेर ती लीग संपली. १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बेसबॉलचे सामने म्हणजे आंतरराज्य व्यापार नव्हे, सबब मक्तेदारीविरोधी कायदा त्यास लागू नाही. हजारो मैल आगगाडीने फिरणाऱ्या संघांविषयी हा निकाल होता.

दुसरी एक गोष्ट अशी की जी कधीच लिहिली गेली नाही. कृष्णवर्णी खेळाडूंस घेऊ नये असे त्या घटनेत एकही कलम नाही. हौशी लोकांच्या जुन्या संघटनेने १८६७ साली तसा ठराव उघडपणे केला होता. लीगने तो केला नाही, फक्त पाळला. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन याच नॅशनल लीगमधील ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला, तोवर तो अलिखित नियम लिखित कलमांपेक्षा अधिक कडकपणे चालला. लिहिलेल्या नियमात दुरुस्ती सुचविता येते. न लिहिलेल्या नियमास दुरुस्ती कोठे सुचवावी?

१९६९ च्या ऑक्टोबरात सेंट लुईसच्या संघातील कर्ट फ्लड यास कळविण्यात आले की तुझी रवानगी फिलाडेल्फियाच्या क्लबाकडे झाली आहे. बारा वर्षे तो त्या गावात खेळला होता, तेथेच त्याचे घर आणि व्यवसाय होता. वर्षाला ९०,००० डॉलर मिळविणाऱ्या माणसाविषयी आम्ही हळहळावे काय, असा प्रश्न आमच्याही मनात आला. पण बदलीचा हुकूम हाती पडल्यावर पहिल्या रात्री घरात काय होते, हे या मासिकाच्या वाचकांस माहीत आहे. त्या रात्रीचा पगाराशी संबंध नसतो. आणि आपणांस राजीनामा देऊन दुसरीकडे चाकरी करण्याची तरी मोकळीक आहे. फ्लडला तीही नव्हती, कारण चोवीसही क्लब एकमेकांस बांधलेले. तो न्यायालयात गेला आणि १९७२ साली पाच विरुद्ध तीन मतांनी हरला.

अखेर गाठ सुटली ती एका शब्दाच्या अर्थावरून. राखीव कलमात लिहिले होते की खेळाडूने सही केली नाही तरी क्लबास त्याचा करार एक वर्षापुरता त्याच अटींवर वाढविता येईल. क्लबांचे म्हणणे असे की वाढविलेल्या करारातही हेच कलम आहे, तेव्हा तो पुन्हा वाढतो, आणि असा अनंत काळ. मेसरस्मिथ आणि मॅक्नली या दोन पिचरांनी वर्षभर सही केलीच नाही. हे दोघेही नॅशनल लीगचेच. २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी सांगितले की एक वर्ष म्हणजे एक वर्ष. मालकांनी त्यांस त्याच दिवशी लवादपदावरून दूर केले, पण निकाल टिकला. ग्रँड सेंट्रल हॉटेलातील त्या सभेस शंभर वर्षे पुरी होण्यास तेव्हा सहा आठवडे उरले होते. हॉटेल उरले नव्हते. ती जुनी इमारत १९७३ च्या ऑगस्टमध्ये कोसळली होती.

१९३७ साली खेळाच्या सन्मान-मंदिरात लीगचे संस्थापक म्हणून कोणास घ्यावे असा विचार झाला, तेव्हा जुन्या यादीत पहिले अध्यक्ष म्हणून बल्कलींचे नाव आढळले आणि त्यांस घेण्यात आले. चिठ्ठीने आलेले हे गृहस्थ जेमतेम वर्षभर अध्यक्ष होते. पुढे ते आपल्या प्रांताचे गव्हर्नर झाले आणि खेळाकडे त्यांनी फारसे पाहिले नाही. हल्बर्टांचे नाव तेथे लागावयास १९९५ साल उजाडले. ते स्वतः १० एप्रिल १८८२ रोजी हृदयविकाराने, पन्नाशीही न गाठता वारले होते. शिकागोच्या ग्रेसलँड स्मशानभूमीत त्यांच्या थडग्यावर दगडाचा एक मोठा चेंडू आहे. त्यावर शिवण कोरलेली असून त्या वर्षी लीगमध्ये असलेल्या आठ शहरांची नावे आहेत. १८७६ च्या आठांपैकी त्यांत दोनच उरली आहेत, बोस्टन आणि शिकागो. खेळाडूचे नाव त्यावर एकही नाही.